बांधलेला पाहुणा

झाबिक गेला होता तो करवत आणायला. एवढंच काम.

शेकोटी वाढवू नकोस, हुप. हात शेकण्यापुरती आहे तेवढी पुरे. पहारा पहाटेपर्यंत आहे, आणि गाण्याच्या वेळी पू झाबिक ओठ मिटून का बसतात, हे तूच विचारलंस. तर ऐक. मावी, तूही जवळ सरक. पास्टर म्हणतात भुतं नसतात. पास्टर दिवसा बोलतात, तेव्हा मलाही ते पटतं. मी भुताचं सांगत नाही, झाबिकचं सांगतो. आम्ही दोघांनी एकाच रविवारी, एकाच ओढ्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. त्याला त्रेचाळीस वर्षं झाली. तो खोटं बोलला तर मला कळतं.

गेल्या डिसेंबरची एकोणीस तारीख, शुक्रवार. चंद्र नव्हता त्या रात्री. नाताळ सहा दिवसांवर आला होता, आणि आपण इथं नाल्याकाठी बांबूचं चर्च उभं करत होतो. खांब रोवून झाले होते, पण फळ्या चिरायला धड करवत नव्हती. झाबिकची मोठी करवत आपल्या जुन्या गावात, सेनखुआत राहिलेली, त्याच्या घराच्या जोत्याखाली तेलकट फडक्यात गुंडाळून पुरलेली. गाव जळून तेव्हा चौदा महिने झाले होते. तिथं माणूस राहत नव्हतं, पण वरच्या टेकडीवर सैनिकांची चौकी होती. म्हणजे जायचं तर रात्रीच.

त्याची बायको, पी तिनपार, तुम्हाला माहीतच आहे. अर्धं अंग लुळं, जीभ मात्र शाबूत. ती म्हणाली, "फळ्यांशिवाय नाताळ केला म्हणून येशू काही रागावणार नाही."

"येशू नाही रागावणार," झाबिक म्हणाला, "पण छप्पर गळलं की पास्टर माझ्याकडे बघतात."

मक्याची सबुती खाल्ली, थोडी पानात बांधून घेतली आणि दुपारी चारला तो एकटाच निघाला.

आता मधे थोडं मागचं सांगायला हवं. तुम्ही दोघं तेव्हा प्रशिक्षणाला गेला होतात. ज्यांना ठाऊक आहे ते बोलत नाहीत.

गाव जळलं, तो ऑक्टोबरातला रविवार होता. आम्ही सगळे चर्चमध्ये होतो. चार आवाजांत गातो आपण, बायकांचे दोन, पुरुषांचे दोन. त्यातला पुरुषांचा वरचा आवाज वर्षभर रिकामाच होता. तो गाणारी पोरं कोणी लढायला गेलेली, कोणी मलेशियाला. झाबिकचा खालचा आवाज कसा होता ते तुम्ही ऐकलेलं आहे, खांब हलावेत असा. पण वरचा आवाज नाही म्हटल्यावर गाणं कसं, एक भिंत नसलेल्या घरासारखं लागायचं.

तिसऱ्या कडव्याला तो आवाज आला. दारातून.

आम्ही माना वळवल्या. दारात एक सैनिक उभा होता. अंगात गणवेश, पायात काही नाही, हातात बंदूक नाही, दोन्ही हात डोक्याच्या वर. वय असेल एकोणीस. आपलंच गाणं, आपलीच चाल, पण शब्द त्याच्या भाषेतले. कारेन जमातीचा होता तो, खालच्या मुलखातला, इरावतीच्या मुखाकडचा. तिकडेही आपल्यासारखेच बाप्तिस्मा घेतलेले लोक आहेत. त्याला बसमधून उतरवून सक्तीने भरती केलं होतं. चौकीवरून पळाला आणि गाण्याच्या आवाजामागे उतरत आला. असं त्यानं सांगितलं.

बायका रडल्या. पी तिनपार म्हणाली, आधी त्याला जेवायला घाला.

पण ऑगस्टमध्ये असाच एक जण आला होता. तोही पळून आलो म्हणाला. आम्ही त्याला जेवण दिलं, कपडे दिले, सीमेकडची वाट दाखवली. तिसऱ्या रात्री त्याच वाटेनं सैनिक आले. तीन माणसं गेली. मावी, तुझा मामा त्यातलाच. म्हणून मग चर्चमध्ये दोन तट पडले. काही जण म्हणाले, मागे नेऊन संपवा. पास्टर म्हणाले, माझ्या चर्चच्या अंगणात हे होणार नाही. शेवटी ठरलं, की रात्रभर बांधून ठेवायचं. सकाळी आपली लढणारी पोरं येतील, ती चौकशी करतील आणि घेऊन जातील.

बांधायचं कोणी? झाबिक सुतार, शिवाय चर्चचा सेवक, डीकन. त्यालाच सांगितलं. मधल्या खांबाजवळच्या बाकावर त्याला बसवलं आणि नायलॉनच्या दोरानं त्याचे हात मागे घेऊन खांबाला आवळले. पोरानं हात आपणहून पुढे केले होते. झाबिकला आपली भाषा ऐसपैस बोलता येते, पण बर्मी मोडकीतोडकीच. तरी पोरगा काय म्हणाला ते त्याला समजलं. पोरगा म्हणाला, "घट्ट बांधा, काका. म्हणजे तुम्हाला झोप लागेल."

झाबिक म्हणाला, "इथून हलू नकोस. सकाळी मी स्वतः येऊन सोडतो."

त्याला सबुती भरवली पी तिनपारनं, तिच्या चांगल्या हातानं. नाव मात्र कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी साडेपाचला विमान आलं.

पहिला बॉम्ब शाळेवर पडला. मग टेकडीवरून तोफगोळे. मग सैनिकच खाली उतरले, हातात पेटते बोळे घेऊन. जो तो पळाला. झाबिकनं बायकोला पाठीवर घेतलं आणि ओढ्याच्या वाटेला लागला. गाव रात्रभर जळत होतं, आम्ही ते समोरच्या डोंगरावरून बघितलं.

तिसऱ्या दिवशी जंगलात मका भाजत बसलो होतो. पी तिनपारनं सहज विचारलं, "त्या पोराला कोणी सोडलं?"

झाबिकनं पास्टरांकडे बघितलं. पास्टरांनी झाबिककडे. बाकीच्यांनी आपापल्या कणसाकडे.

...

पुन्हा तो विषय निघाला नाही. पुढच्या रविवारी झाडाखाली उपासना झाली आणि आम्ही तीनच आवाजांत गायलो. पास्टरांनी सगळ्यांसाठी प्रार्थना केली. वाचलेल्यांसाठी, मेलेल्यांसाठी, घरांसाठी, डुकरांसाठीसुद्धा. त्या पोराचं नाव माहीत नव्हतं, त्यामुळे घ्यायची पाळी आली नाही. सोयीचं असतं ते.

तर आता एकोणीस डिसेंबर.

सव्वादहाच्या सुमाराला झाबिक गावात शिरला. चौकीवर एक दिवा होता. कुत्रं नाही, कोंबडं नाही. जळक्या खांबांच्या मधून गवत छातीपर्यंत वाढलेलं. आपलं घर त्यानं पायानं ओळखलं, पायरीच्या दगडावरून. अर्धा तास हातानं माती उकरली आणि करवत मिळाली. फडक्यात होती तशीच, गंजसुद्धा नाही. ती पाठीला बांधून तो वळला आणि पानातली सबुती काढून दोन घास खाल्ले. अजून त्याला काही वाटत नव्हतं. दमला होता, एवढंच.

तेव्हा त्याला गाणं ऐकू आलं.

आधी त्याला वाटलं, चौकीवर कोणीतरी गातंय. पण आवाज खालून येत होता, चर्चकडून. आणि ते गाणं म्हणजे गाणं नव्हतं. मधेच चढत होतं, मधेच थांबत होतं, मग भलतीकडूनच उचलत होतं. पाच-सहा ओळी गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. तो एकच आवाज होता. चारांतला पुरुषांचा वरचा. बाकीच्या तिघांची जागा सोडून गाणारा. जिथं बायकांनी गायचं तिथं गप्प, जिथं झाबिकनं गायचं तिथं गप्प. थांबायचा, वाट बघायचा आणि पुढचं घ्यायचा.

झाबिक मला म्हणाला, "एका ठिकाणी माझी ओळ आली. आणि मी गायलो."

तोंडातून आपोआप निघाली म्हणाला. चाळीस वर्षांची सवय.

समोरचा आवाज बंद झाला.

मग अंधारातून कोणीतरी म्हणालं, "काका? आलात?"

तो पळाला का नाही, हे मी त्याला विचारलं. म्हणाला, पाय पुढेच गेले. चर्चच्या चारी भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही. आत गवत. त्या चर्चमधले चौदा बाक झाबिकनंच केलेले, सगळे जळाले. तो दारातून आत गेला आणि मधल्या खांबाशी... बाक होता. एक.

त्यावर कोणीतरी बसलं होतं.

चेहरा दिसला नाही. आकाश भिंतीच्या वर थोडं फिकट होतं, त्यात डोकं दिसत होतं फक्त. आणि खांदे. मागे ओढलेले.

"मी हललो नाही," तो म्हणाला.

झाबिक बाकाजवळ गेला.

"हातांना मुंग्या आल्यात, काका. सोडता का?"

झाबिक त्याच्या मागे गुडघ्यावर बसला. हात लावला. दोर तोच होता, नायलॉनचा, गुळगुळीत. गाठ त्याचीच. सुतार आपली गाठ अंधारातसुद्धा ओळखतो. मनगटं गरम होती. गार असती तर बरं झालं असतं, म्हणाला.

त्यानं गाठ सोडली. खाली दुसरी गाठ. ती सोडली. खाली तिसरी.

"बाकीचे सगळे सुखरूप निघाले का?" पोरानं विचारलं.

"...हो."

"त्या आजी? मला भरवणाऱ्या?"

"हो."

"बरं झालं."

गाठ. आणखी गाठ. झाबिकची नखं मोडली. बोटं ओली लागायला लागली. तरी दोर संपेना.

मग पोरगा हळूच म्हणाला, "कोणी आलं नाही, तेव्हा मला वाटलं तुम्ही सगळे मेलात. नाहीतर तुम्ही आला असतात. म्हणून मी तुमच्यासाठी प्रार्थना करत बसलो."

...

मला हे सांगताना झाबिक इथंच थांबला होता. मी त्याला पाणी दिलं, ते त्यानं हातात धरून ठेवलं.

किती वेळ गेला त्याला माहीत नाही. वारा पडला. चौकीवरचा दिवा विझला. तो गाठी सोडत होता. मग एक गाठ सुटली आणि तिच्या खाली काही नव्हतं.

दोर पडला. आवाज झाला नाही.

"जाऊ?" पोरानं विचारलं.

"जा."

"घरी जातो."

"जा, बाळा."

पावलं वाजली. अनवाणी. दारापर्यंत. मग बाहेर, दगडांवर. मग उतारावर, दक्षिणेच्या रस्त्याकडे. बराच वेळ ऐकू येत होती.

मग नाही.

तेव्हा कुठं झाबिकच्या लक्षात आलं, की हे सगळं बोलणं आपल्या भाषेत झालं. बर्मीत नाही. त्या पोराला आपल्या भाषेचा एक शब्द येत नव्हता.

हात फिरवला तर समोर बाक नव्हता. गवत होतं. आणि गवताच्या मुळाशी, गुडघ्याखाली, जे होतं ते त्याच्या हाताला लागलं. मी वेगळं सांगायला नको. त्यानं ते सगळं गोळा केलं, चाचपून चाचपून. भिंतीच्या कडेला करवतीच्या मुठीनं खड्डा केला आणि उजाडायच्या आत पुरलं. प्रार्थना करायला तोंड उघडलं, तर कुणासाठी म्हणायचं ते सुचेना. आवाजच फुटला नाही. तेव्हापासून तो गात नाही.

दुपारी इथं पोचला. करवत उतरवली, पास्टरांच्या पुढे ठेवली आणि झोपला. बोटांची सालं गेलेली बघून पी तिनपारनं हळद लावली. कुणाला काही कळलं नाही. फळ्या चिरल्या, छप्पर झालं, नाताळ झाला.

मला त्यानं परतल्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी रात्री सांगितलं. त्यावर मी त्याला काय सांगितलं, तेही सांगतो. सांगायलाच हवं. तुम्ही उद्या बंदूक घेऊन फिरणार, तुमच्याही हातात कोणीतरी बांधलेला येईल.

त्या दिवशी विमान आलं, तेव्हा गावातून सगळ्यात शेवटी मी निघालो. माझा ट्रक होता ना, तो निघतोय का बघत बसलो होतो. नाही निघाला. मग चर्चच्या दारावरून पळालो. छप्पर पेटायला नुकती सुरुवात झाली होती. आतून आवाज आला. ओरडत नव्हता तो. गात होता. माझ्या कमरेला सुरी होती.

...

मी स्वतःला सांगितलं, गातोय म्हणजे ठीक आहे. गातोय म्हणजे कोणीतरी असेल त्याच्याजवळ. तीन ढांगांचं अंतर होतं, हुप. तीन.

झाबिकला हे मी त्या रविवारी सांगितलं. तो उठून गेला. आजही माझ्याशी बोलतो तो, पण कामापुरतं.

आता शेवटचं.

सत्तावीस डिसेंबरला सकाळी पास्टरांचा फोन वाजला. तो फोन त्यांनी गाव जळल्यावर अकरा महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये सीमेपलीकडच्या बाजारातून आणला, नवं सिमकार्ड घालून. नंबर या वस्तीतल्या आठ-दहा जणांकडेच आहे. कोणी बाई बर्मीत बोलत होती, भरभर, जड उच्चारात. पास्टरांना कळेना. मी वीस वर्षं काले शहराच्या रस्त्यावर ट्रक चालवलेला, म्हणून फोन माझ्या हातात दिला आणि पास्टर पाणी आणायला गेले.

ती म्हणाली, मी सॉ लेहतूची आई.

मी म्हटलं, बाई, असं कोणी इथं नाही.

ती म्हणाली, माहीत आहे, आता नाही. तो निघाला ना तिथून. मागच्या आठवड्यातल्या शुक्रवारी, म्हणजे शनिवारची पहाटच ती, त्याचा फोन आला होता. सव्वा वर्षानंतर. म्हणाला, एका सुतारकाकांनी मला सोडलंय, मी चालत घरी येतोय. काळजी वाटली तर या नंबरवर विचार, म्हणून हा नंबर त्यानंच सांगितला. मी आठवडाभर धीर गोळा करत होते. तुम्हाला नाताळाच्या शुभेच्छा द्यायच्या होत्या. आणि त्या काकांचे आभार मानायचे होते.

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

तिनं विचारलं, चालत यायला किती दिवस लागतील हो?

त्या रस्त्याचा मैल न् मैल मला पाठ आहे. मी हिशोब करून सांगितलं. खरंच सांगितलं. म्हटलं, दोन महिने तरी लागतील, ताई. वाटेत चौक्या आहेत.

ती म्हणाली, लागू देत. मी दार उघडंच ठेवते.

मग म्हणाली, फक्त एक विचारते, रागावू नका. त्याला तिथं काही आजार झाला होता का? आवाज फार बसलाय त्याचा. लहानपणापासून चर्चमध्ये गाणारा माझा मुलगा, ओळखूच येईना. मी विचारलं, सर्दी झाली का रे? तर म्हणाला, नाही आई, धुरात बसलो होतो.